संमोहनोपचार: कुठे घ्यावा, कुठे घेऊ नये?

निशिगंध

संमोहनाविषयी आपल्याकडे दोनच आवाज मोठे. एका बाजूला फलक: व्यसन, मधुमेह, वंध्यत्व, परीक्षेची भीती, वजन, पूर्वजन्म, सगळं एकाच खोलीत आणि तीन बैठकांत. दुसऱ्या बाजूला "हे सगळं थोतांड, वशीकरणाचा प्रकार" असं म्हणून विषयच बंद करणारे. या दोघांच्या मध्ये ज्या माणसाला खरोखर फायदा होऊ शकतो, तो राहून जातो.

माझं मत आधी मांडते. संमोहन हा स्वतंत्र उपचार नाही, उपचार पोचवायची ती एक रीत आहे. सुई म्हणजे औषध नव्हे, तसं. सुईतून काय जातंय, कोण देतंय आणि निदान कोणी केलंय, यावर सगळं ठरतं. या क्षेत्रातला एक जुना दंडक मला फार मोलाचा वाटतो: जो आजार संमोहनाशिवाय हाताळायची तुमची पात्रता नाही, तो संमोहनानेही हाताळू नका.

तर प्रश्न असा: कुठे पुरावा पक्का आहे, कुठे कच्चा, कुठे सरळ धोका? आणि माणूस कसा निवडायचा? जाणकारांनी आकडे आणि पद्धतीसकट लिहावं ही विनंती.

देशावरचा

सुरुवात पोटापासून करतो, कारण सगळ्यात भक्कम जमीन तिथेच आहे.

इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस: आतड्यात दिसणारा बिघाड नसताना वरचेवर पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छोटी पण नीट आखलेली चाचणी छापली. औषधांना दाद न देणारे ३० रुग्ण; निम्म्यांना तीन महिन्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची ७ संमोहन सत्रं, निम्म्यांना मानसोपचार आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या, गोळ्या. फरक इतका ठळक होता की पुढे तिथे स्वतंत्र विभागच उभा राहिला. त्याच विभागाच्या २००३ च्या पाठपुराव्यात २०४ रुग्णांपैकी ७१ टक्क्यांना उपचार लागू पडला होता, आणि त्यांतल्या ८१ टक्क्यांचा फायदा पुढेही टिकला. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेनुसार १२ महिने औषधं घेऊनही त्रास चालूच असेल, तर संमोहनोपचाराचा विचार करावा.

आतड्यासाठीचं संमोहन म्हणजे नुसतं "शांत व्हा" नव्हे. रुग्णाला आधी चित्र काढून समजावतात की आतड्याची हालचाल आणि संवेदना मेंदूशी कशी जोडलेली आहे. मग तंद्रा लागल्यावर तळहात पोटावर ठेवून तिथे ऊब जाणवायची सूचना. मग नदीचं चित्र: जुलाबाचा त्रास असेल तर फेसाळणारा प्रवाह संथ होतोय, बद्धकोष्ठ असेल तर अडलेलं पाणी वाट काढतंय. एकच ध्वनिफीत दोघांना दिली तर एकाचं काम उलटं होईल. घरी रोज १५-२० मिनिटं सराव. तो नसेल तर सत्रांचा उपयोग अर्ध्यावर येतो, असं समजूनच चला.

आता मर्यादा. हे सगळं निदान झाल्यावर. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास: यांपैकी एक जरी असेल तर आधी तपासण्या. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग डोक्यात ठेवलाच पाहिजे. तो बरेच दिवस आयबीएससारखाच वागतो.

चाफेकळी

लहान मुलांचं पोटदुखीचं यात येतं का? शाळेच्या दिवशीच दुखतं, सोनोग्राफी साफ असते, ते?

देशावरचा

येतं, आणि मुलं यात मोठ्यांपेक्षा चांगली असतात, कारण कल्पनेत शिरायला त्यांना वेळ लागत नाही. नेदरलँड्समध्ये २००७ साली ५३ मुलांवर चाचणी झाली. एका वर्षानंतर संमोहन गटातली ८५ टक्के मुलं त्रासमुक्त होती, नेहमीच्या उपचारांच्या गटातली २५ टक्के. पण चाफेकळीताई, "शाळेच्या दिवशीच दुखतं" यात शाळेत काय चाललंय हा प्रश्न आधी. मारणारा मुलगा किंवा न दिसणारा फळा संमोहनाने हलत नाही.

मनोगती

संमोहनात नेमकं काय करतात ते लिहिते, म्हणजे फलकवाल्यांशी तुलना करता येईल.

पहिलं सत्र बहुतेक गप्पांचं. इतिहास, चालू औषधं, अपेक्षा, गैरसमज. "माझं भान जाईल का, मी गुपितं बोलेन का, बाहेर आलोच नाही तर?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथेच द्यावी लागतात: भान जात नाही, नको असलेलं बोलत नाही, आणि उपचारक मध्येच उठून गेला तरी माणूस आपोआप जागा होतो किंवा साधी झोप लागते. मग प्रवेश: एका बिंदूवर नजर किंवा श्वासावर लक्ष, पापण्या जड, पावलापासून कपाळापर्यंत स्नायू सैल. मग तंद्रा गाढ करणं: दहापासून एकपर्यंत उलटे आकडे, पायऱ्या, आवडती जागा. मग मूळ सूचना, त्या दिवशी एकाच विषयाच्या. मग नंतरसाठीची खूण, उदा. अंगठा आणि तर्जनी जुळवली की ही शांतता परत येईल. शेवटी परत आणणं: एक ते पाच, आणि ज्या ज्या सूचना शरीरापुरत्या होत्या त्या काढून घेणं. हात बधिर केला असेल तर "हात पूर्ववत झाला, हलवून बघा" असं म्हणावंच लागतं. नवखे इथे चुकतात आणि माणूस डोकं जड घेऊन घरी जातो. सत्रानंतर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवावं, लगेच गाडी चालवू देऊ नये.

दुसरं, सगळे सारखे संमोहित होत नाहीत. ही क्षमता मोजता येते. स्टॅनफर्डचे वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये १२ सूचनांची मोजपट्टी केली. ढोबळ मानाने १० ते १५ टक्के लोक खूप सूचनाक्षम, तेवढेच जवळजवळ अजिबात नाहीत, बाकीचे मधले. आणि हा गुण टिकाऊ असतो: त्याच माणसांना २५ वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हाही सहसंबंध ०.७१ निघाला (१ म्हणजे तंतोतंत जुळणं). म्हणून "शंभर टक्के हमी" हे शब्द दिसले की तिथून परत फिरावं. आणि "तुम्ही मनापासून सहकार्य केलं नाहीत" हा दोष रुग्णावर टाकणं तर फार वाईट.

पिंपळपान

म्हणजे ज्याची क्षमता कमी, त्याने वाटच धरू नये?

मनोगती

तसं नाही. तीव्र दुखणं थांबवायला क्षमता महत्त्वाची. वेदनेवरच्या ८५ प्रयोगांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये आला. त्यात अति-सूचनाक्षम लोकांची वेदना ४२ टक्के कमी झाली, मध्यम गटाची २९ टक्के; कमी क्षमतेच्या गटात म्हणण्यासारखा फायदा नाही. पण चिंता, झोप, पोट यांत मध्यम क्षमता पुरते. अगदी कमी असेल तर वेळ न घालवता सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायचा मानसोपचार) किंवा श्वसन-शिथिलीकरण घ्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

भुलेश्वर_९

वेदनेचा विषय निघालाच आहे तर आपल्या भूमीवरचा इतिहास सांगायलाच हवा. जेम्स एस्डेल हा स्कॉटिश सर्जन १८४५ मध्ये बंगालात हुगळीला होता. तेव्हा ईथर नव्हतं. तो मेस्मेर या अठराव्या शतकातल्या युरोपीय वैद्याच्या, अंगावरून हात फिरवायच्या पद्धतीने रुग्णांना तंद्रीत नेऊन शस्त्रक्रिया करू लागला, त्यांत हत्तीरोगामुळे अंडकोशावर आलेल्या प्रचंड गाठीही होत्या. १८४६ मध्ये कलकत्त्यात त्याला प्रयोगासाठी रुग्णालय मिळालं. पण एकेका रुग्णाला तंद्रीत न्यायला त्याचे हिंदुस्थानी सहायक अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास अंगावरून हात फिरवत बसत, आणि सगळ्यांवर ते चालतही नसे. त्याच वर्षी बॉस्टनला ईथर आलं, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म. काही मिनिटांत आणि सगळ्यांवर चालणारी भूल आल्यावर ही पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच होतं.

आज ती परत आलीय ती भुलेच्या जोडीला. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये एल्विरा लँग यांची २४१ रुग्णांची चाचणी आली. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडावरच्या, रुग्ण जागा ठेवून करायच्या प्रक्रिया. नेहमीच्या गटात सरासरी ७८ मिनिटं लागली, संमोहनाच्या गटात ६१, आणि गुंगीचं औषधही कमी लागलं. बेल्जियममध्ये लिएज इथे १९९२ पासून स्थानिक भूल, शिरेतून थोडं औषध आणि संमोहन असं मिळून थायरॉइडसारख्या शस्त्रक्रिया करतात. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ उशाशी असतो आणि पूर्ण भूल द्यायची तयारी ठेवलेली असते. हे शेवटचं वाक्य जाहिरातीत कधी छापत नाहीत.

अजून एक. निदान न झालेली तीव्र वेदना संमोहनाने दाबू नये. अपेंडिक्स फुटायच्या बेतात असताना दुखणं कमी भासलं तर वेळ हातची जाते. छातीत दुखतंय, एकाएकी प्रचंड डोकं दुखतंय: तिथे आधी रुग्णालय.

अबोली_६

दाताच्या खुर्चीतली भीती आणि दातांचं माप घेताना येणारी उमासी, दोन्हीत उपयोग होतो. पण सुईच्या भीतीत एक मोठी चूक सर्रास होते, ती लिहिते.

इंजेक्शन किंवा रक्त बघून काही जणांना चक्कर येते. यांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम पडतो. अशा माणसाला "शरीर सैल सोडा, अजून सैल" अशा सूचना दिल्या तर तो लवकर कोसळेल. याला उलट उपाय हवा: दंड, पोट आणि मांड्यांचे स्नायू १०-१५ सेकंद आवळायचे, चेहऱ्यावर ऊब येईपर्यंत, मग २०-३० सेकंद नेहमीसारखं बसायचं, पूर्ण ढिलं नाही, असं पाच वेळा. ज्या हाताला सुई टोचायची तो तेवढा मोकळा ठेवायचा. त्यामुळे पहिला प्रश्न "भीती वाटते का" हा नाही, "कधी बेशुद्ध पडलात का" हा.

भुलेश्वर_९

अबोली, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. लसीकरणाच्या रांगेत हे माहीत असलेलं माणूस हवं.

रानवारा

सिगरेटबद्दल कोणीच बोलत नाहीये. संमोहनाने एका बैठकीत सुटते असे अनुभव भरपूर ऐकू येतात. सगळेच खोटे कसे असतील?

मनोगती

खोटे नसतील. पण सोडायचं ठरवून जो पैसे भरून आला, तो अर्धी वाट चालूनच आलेला असतो. त्याला दुसरा कुठला आधार दिला असता तर किती फरक पडला असता, हे चाचणीशिवाय कळत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्र आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १४ अभ्यास आणि १९२६ माणसं होती. निष्कर्ष असा की सहा महिन्यांनंतर संमोहन इतर समुपदेशनापेक्षा सरस ठरतं असं म्हणायला पुरावा अपुरा. म्हणून निकोटिन गम, पॅच किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध आधी. संमोहन आवडत असेल तर सोबत.

रानवारा

थोडा असहमत. "पुरावा अपुरा" म्हणजे "उपयोग नाही" असं नव्हे ना? गम न चालणारा माणूस असेल तर?

मनोगती

बरोबर आहे तुमचं, दोन्ही वाक्यं वेगळी आहेत. अशा माणसाने जरूर करून बघावं. माझा आक्षेप फक्त क्रमाला, आणि "एकदाच या" या विक्रीला.

देशावरचा

सिगरेटचं एक वेळ ठीक. दारूचं मात्र नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एका संमोहन बैठकीच्या जोरावर दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, थरथर, ताप, म्हणजे डेलिरियम ट्रेमेन्स. त्यात माणूस दगावतो. हात थरथरणं, घाम, सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागणं ही लक्षणं असतील तर आधी रुग्णालयात औषधांच्या देखरेखीखाली दारू उतरवायची, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यायचं. संमोहन असलंच तर नंतर, ओढ हाताळायला. "दारू सोडवा" फलकांमधला हा सगळ्यात मोठा धोका आहे.

सांजवेळ

रजोनिवृत्तीतल्या गरम झळांसाठी काही आहे का? हार्मोन घेता येत नाहीत अशा बऱ्याच बायका असतात.

अबोली_६

आहे, आणि चांगलं आहे. २०१३ मध्ये १८७ स्त्रियांवर चाचणी झाली, आठवड्याला एक अशी ५ सत्रं. बारा आठवड्यांनी झळांची संख्या ७४ टक्के घटली. फक्त बोलून आधार दिलेल्या गटात १७ टक्के. उत्तर अमेरिकेच्या रजोनिवृत्ती संस्थेने २०२३ च्या पत्रकात हार्मोनविरहित उपायांत सीबीटीबरोबर संमोहनाची शिफारस केली आहे. सूचना गारव्याच्या असतात. स्तनाच्या कर्करोगानंतर हार्मोन वर्ज्य असतात, त्यांनी हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

वैनगंगा

थोडं अवांतर, पण मला जिव्हाळ्याचं: सूचनांची मराठी.

बरेच जण इंग्रजी मजकूर शब्दशः मराठीत वाचतात. "तुम्ही आता खोल आणि अधिक खोल जात आहात" हे ऐकून माणूस आधी विचारात पडतो, खोल म्हणजे कुठे? विहिरीत? पायऱ्या उतरायचं चित्र विदर्भात पाणी भरायला बारवेत उतरलेल्या बाईला ओळखीचं वाटेल, पण विहिरीत कोणी गेलेलं असेल त्या घरात तेच चित्र घाबरवेल. समुद्रकिनारा मालवणच्या माणसाला निवांत, तर बुडून मृत्यू पाहिलेल्याला नाही. म्हणून आधी विचारावं: तुम्हाला निवांत कुठे वाटतं? उत्तर "आजोळची ओसरी" असेल तर ओसरीच घ्यावी. शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा, दुपारची शांतता, लांबून येणारा रहाटाचा आवाज.

"दुखणार नाही" म्हटलं की कानात "दुखणार" आधी शिरतं. त्याऐवजी "हात गार आणि जड होऊ दे". "पापण्या मिटतील" हा हुकूम, "मिटाव्याशा वाटल्या तर मिटू द्या" ही मोकळीक. घाबरलेल्या माणसाला दुसरं मानवतं. आणि सुरुवातीपासून अहो-जाहो चाललं असेल तर तंद्रीत अचानक "तू" करू नये, माणूस दचकतो. मुलांशी बोलताना "तू"च हवं.

पिंपळपान

वैनगंगाताई, हे वेगळा धागा काढून लिहा. मराठीत असं लिहिलेलं दिसत नाही.

कायदेकानू

पूर्वजन्माकडे कोणी वळलंच नाही, म्हणून मीच.

संमोहनात आठवलेलं जास्त खरं नसतं. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या १९८५ च्या अहवालात हे स्पष्ट आहे: आठवणींची संख्या वाढते, पण त्यांत चुकाही वाढतात, आणि त्या चुकांवरचा विश्वासही वाढतो. ज्याला "मागे जा, अजून मागे, जन्माच्याही आधी" असं सांगितलं जातं, तो सूचनेचं पालन करून गोष्ट रचतो, आणि ती त्याला पुढे आठवणीसारखीच वाटते. पूर्वजन्माची गोष्ट निदान तपासता तरी येत नाही. पण "लहानपणी तुझ्यावर काकाने अत्याचार केला असावा, नीट आठव" अशा सूचनेतून उभी राहिलेली खोटी आठवण जिवंत घर मोडते. उलट ज्याच्यावर खरंच अत्याचार झाला, त्याची साक्षही अशा सत्रामुळे डागाळते. पोलिस किंवा न्यायालयाचं प्रकरण असेल तर जबाब होईपर्यंत आठवणी खणणारं संमोहन घेऊच नये.

गुन्ह्याच्या तपासातली नार्को चाचणी वेगळी. त्यात गुंगीचं औषध देऊन प्रश्न विचारतात. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, २०१०: संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, मेंदूचाचणी करता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. अंगात विशेष शक्ती असल्याचं किंवा मागच्या जन्मी तू माझी पत्नी, पती वा प्रेयसी होतीस असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं त्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून आहे. म्हणून साधा नियम: स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर सोबतचं माणूस खोलीत किंवा उघड्या दाराशी, आणि स्पर्श करायचा असल्यास आधी, जागेपणी परवानगी.

मनोगती

कायदेकानूंच्या मुद्द्याला धरून, कोणाला संमोहन देऊच नये: आवाज ऐकू येतात, कोणीतरी माझं मन चालवतंय असं वाटतं, त्यांना नाही. "बाहेरचा आवाज मला सूचना देतो" हाच ज्याचा त्रास, त्याला आपण तेच करून दाखवतो. उन्मादाची अवस्था, नशेत असलेला माणूस, आत्महत्येचे विचार तीव्र असलेला माणूस: आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आघातानंतरचा ताण, किंवा मध्येच भान हरपणं, वेळ गळणं, अंगात येणं असेल तर काम करता येतं, पण ते शिकलेल्यानेच. सत्रात माणूस एकदम रडू, थरथरू लागतो. तेव्हा खोदत बसायचं नाही. डोळे उघडायला सांगायचं, पाय जमिनीवर, आजची तारीख, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं. गर्दीत मंचावर संमोहन करणाऱ्याकडे यासाठी ना वेळ असतो ना इतिहास.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझा शेवटचा प्रश्न अजून बाकी: माणूस निवडायचा कसा?

कायदेकानू

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात संमोहनोपचार ही स्वतंत्र वैद्यकपद्धती मानलेली नाही. उपचाराची रीत मानलीय, नोंदणीकृत व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षितांनी वापरायची. तुमच्या पहिल्या प्रतिसादात हेच होतं. म्हणजे दोन दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर नावापुढे "डॉ." लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, डॉक्टर असेल तर वैद्यक परिषदेचा. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

मनोगती

आणि फोनवरच विचारा: ही तक्रार तुम्ही संमोहनाशिवाय कशी हाताळता? किती सत्रं लागतील आणि कधी थांबायचं? माझ्या चालू गोळ्यांचं काय? तिसऱ्याला "बंद करा" असं उत्तर आलं तर विषय संपला. सुरू करण्याआधी दोन आठवडे आणि नंतर रोज वहीत त्रासाला ० ते १० आकडा द्या. सहाव्या सत्रानंतर वही उघडून बघा. आकडा हललेला नसेल तर पुढची सत्रं विकत घेऊ नका.

चाफेकळी

वहीचं आजपासूनच सुरू करते, लेकाच्या पोटदुखीसाठी. वार आणि तास दोन्ही लिहू ना?

देशावरचा

हो, वार, वेळ, काय खाल्लं, शौच झाली का, आणि त्या दिवशी शाळेत कोणता तास होता. दोन आठवड्यांची वही आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि डोळे तपासून घ्या.